पहिल्या चुकीला थांबायचं

बाई, आज गुरुवार, आमच्या कारखान्याची सुट्टी. घरातले सगळे दौंडला लग्नाला गेलेत आणि मी डोकं दुखतंय असं सांगून शिरूरलाच मागं राहिले. डोकं दुखत नाही. बादलीत कपडे भिजत पडलेत, कुकर उतरवून तास झाला, आणि मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलेय. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत मी तुमच्या गोष्टी पुष्कळांना सांगितल्या, पण तुमच्याशी बोलावं असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण उद्या सकाळी सात वाजता आप्पा त्यांच्या प्रेसवर उभे राहतील, आणि ती प्रेस आता कुठल्याही दिवशी त्यांचे हात घेईल. हे मला माहीत आहे. आप्पांनी ते मला लिहून कळवलं होतं, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा मी त्यांचा कागद लाल गोल करून परत केला, इंग्रजी चुकलं म्हणून. हा लाल गोल मला तुम्ही शिकवलात, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतेय. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

आधी आप्पा कोण ते सांगते. आपल्याच भागातले, मांडवगण फराट्याजवळच्या वाडीचे. पन्नाशी ओलांडलीय. शेत भाऊ बघतो. हे कारेगावात खोली घेऊन राहतात आणि बावीस वर्षं एकाच कारखान्यात प्रेस चालवतात. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो आणि परत वर जाऊन थांबतो. बटणं दोन अशासाठी, की दाबताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण तयार झालेली वस्तू काढायला हात आत घालावाच लागतो, आणि तेवढा वेळ ठोकळा वर थांबलेला असतो. आप्पांची प्रेस हल्ली कधीकधी थांबत नाही. कुणी बटण न दाबता ती दुसऱ्यांदा खाली येते. रोज नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी. आप्पा म्हणाले होते, "आवाज बदलतो तिचा, त्यावरनं वळखतो मी. पर दर खेपी वळखू यील असं न्हाई ना."

त्याच कारखान्यात माझं काम कागदांचं. शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या भागात, जे काही लिहिलं जातं ते माझ्या टेबलावरून फाइलला जातं. आमचं गिऱ्हाईक परदेशी आहे, त्यांची माणसं वर्षातून एकदा ऑडिटला येतात आणि फाइली चाळतात. म्हणून सगळे कागद इंग्रजीत. अपघात होता होता टळला तर कामगारानं एक पिवळी चिठ्ठी लिहून द्यायची, तीही इंग्रजीत. चिठ्ठी आल्यापासून सात दिवसांत मशीन तपासलं गेलं नाही तर आठव्या दिवशी ते बंद करायचं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पिवळी चिठ्ठी सोडली तर आमच्याकडं प्रेस थांबवायचा अधिकार साध्या कामगाराच्या हातात दुसरा कुठलाच नाही. तोंडी सांगितलं तर साहेब म्हणतात, "बघतो," आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागतात.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी आठवीत होते. दौंडहून एसटीनं यायचात. पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर मराठीत लिहिलंत, शेतकऱ्याचा बैल, आणि त्याखाली, शेतकऱ्यांचा बैल. विचारलंत, फरक काय? मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, वरच्याचा एकट्याचा हाय, खालचा भावाभावात हाय." तुम्ही इतक्या हसलात की आम्हाला कळेना, मार बसणार की शाबासकी मिळणार. म्हणालात, बरोबर, आणि हे तुम्हाला एका टिंबानं सांगितलं. इंग्रजांकडे अनुस्वार नाही, म्हणून त्यांनी स्वल्पविराम उचलून अक्षराच्या डोक्याशी नेऊन ठेवला. मालक एक असेल तर एसच्या आधी, पुष्कळ असतील तर एसच्या नंतर. दोन शब्द जोडताना एखादं अक्षर गळलं तर त्याच्या जागेवरही तीच खूण, म्हणजे इथं कुणीतरी होतं हे कळावं. आणि नुसतेच दहा बैल उभे असतील, कुणाचे ते सांगायचं नसेल, तर खूण लावायची नाही. चाळीस मिनिटांत तुम्ही हे संपवलंत. मी ते आजपर्यंत एकदाही चुकले नाही, आणि त्याचा मला गर्व आहे, हेही इथंच सांगून टाकते. शिरूरच्या बाजारपेठेतून जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचत जाते. मोबाईलच्या दुकानावर, पोरांच्या कपड्यांच्या दुकानावर, केशकर्तनालयावर, जिथं एस दिसेल तिथं लोकांनी ती खूण लिंबू-मिरचीसारखी टांगून ठेवलीय. नजर लागू नये म्हणून असावी. नवरा म्हणतो, तू भाजी आणायला जातेस की वह्या तपासायला?

वह्या तपासायची तुमची रीत मात्र शाळेत दुसऱ्या कुणाची नव्हती. वाचता वाचता पहिली चूक दिसली की तुम्ही तिच्याभोवती लाल गोल करायचात आणि वही मिटून परत द्यायचात. पुढचं एक अक्षर वाचायचं नाही. "पहिल्या चुकीला थांबायचं," एवढंच म्हणायचात. आम्ही सगळं नव्यानं लिहायचो. वडिलांच्या शेतावर मी लिहिलेला निबंध सात वेळा परत आला होता. पहिल्यांदा तर मथळ्यातच, वडिलांच्या एसवर खूण नव्हती म्हणून. सहाव्या खेपेला मी वर्गात रडले. तुम्ही माझ्याकडे बघून शांतपणे म्हणालात, "रडून झालं की लिही." मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की एसटी चुकून तुम्हाला दौंडपर्यंत चालत जावं लागावं असं मी मनात म्हटलं. सातव्या खेपेला तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत आणि खाली फक्त तारीख घातलीत.

त्या रीतीचं मूळ मला नंतर कळलं. स्कॉलरशिपच्या अभ्यासाला तुम्ही मला एका रविवारी दौंडला तुमच्या घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी तुमचे वडील मेथी निवडत बसले होते. मालगाडीवर गार्ड म्हणून आयुष्य काढलेले, पाठ अजून ताठ, आणि जुडीतली प्रत्येक काडी तपासून घेणारे. तुम्ही पोळ्या लाटत होतात, मी पाटावर. बाहेरून गाडी गेली की बोलणं थांबायचं आणि ती गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं सुरू व्हायचं, ते मला फार नवलाचं वाटलं. त्यांनीच सांगितलं. सिग्नल बंद पडला की स्टेशनमास्तर ड्रायव्हरला कागद लिहून देतो, पुढची लाईन मोकळी आहे म्हणून. त्या कागदावर एक आकडा जरी गिरवलेला दिसला, एखादं अक्षर खोडलेलं दिसलं, तरी ड्रायव्हर कागद घेत नाही. परत पाठवतो. नवा लिहून आणा म्हणतो. मी विचारलं, "आणि तोवर?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हा प्रश्न कुणी विचारावा याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं. "तोवर गाडी उभी," ते म्हणाले. निघताना तुम्ही मला त्यांच्या जुन्या, रद्द झालेल्या रेल्वेच्या फॉर्मांचा गठ्ठा दिलात, पाठकोऱ्या बाजूला लिहायला. मी दोन वर्षं त्यावर लिहीत होते. पुढच्या बाजूचं छापील इंग्रजीही वाचून काढलं, काही समजलं नाही तरी. पाठकोरे कागद घरी आणले आणि तो रविवार डोक्यात पक्का बसला, पण त्यातलं निम्मंच.

दहावीला होते तेव्हाची गोष्ट. रजेचा अर्ज इंग्रजीत द्यायचा हा तुमचा नियम. मी अर्ज दिला की मामाच्या घरी कार्यक्रम आहे, दोन दिवस रजा मिळावी. मामाच्या पुढं खूण राहिली होती. तुमचं पेन तिथं गोल फिरलं. मी हात पुढं केला कागद परत घ्यायला. तुम्ही दिला नाहीत. खालच्या दोन ओळी वाचल्यात, मग माझ्याकडे बघून विचारलंत, "कसला कार्यक्रम?"

मी म्हटलं, "बघायला येणारेत."

"कुणाला?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला. तुम्ही पेन ठेवलंत आणि वर्ग सोडून दिलात. त्या दुपारी तुम्ही आमच्या घरी आलात. आबा, माझे वडील, गोठ्यापाशी होते. तुम्ही ओसरीवर बसलात, पाणी घेतलं नाहीत. आबा म्हणाले, "बाई, तुमी शाळंचं बगा. घरचं आमी बगतो."

"शाळेचंच बघतेय. ही माझ्या हजेरीपटावर आहे तोवर हिला कुणी बघायला येणार नाही. आलेच तर मीही येईन, आणि एकटी येणार नाही."

"आवं, नुस्तं बगायला येत्यात. लगीन का लगीच लावतोय?"

"मग नुसतं नका बोलावू."

आबांना उलट बोलायची सवय होती, उलट ऐकायची नव्हती. तुमची साडेचारची एसटी गेली, नंतरचीही गेली, आणि तुम्ही ओसरीवरून उठला नाहीत. शेवटी आबाच म्हणाले, "परीक्षा हूं द्या म्हंजी झालं का?" त्यांनीच तुम्हाला मोटारसायकलवरून हायवेला सोडलं. परीक्षा झाली, पुढं कॉलेज झालं, आणि पुण्यापर्यंत जाऊन मी परत आले ती शिरूरला, कारेगावच्या या कारखान्यात नोकरीवर. हा प्रसंग मी ऑफिसात कितीदा तरी रंगवून सांगितलाय. पण मी तो कसा सांगते माहितीय? म्हणते, आमच्या बाई एवढ्या कडक, माझं लग्न मोडायला निघाल्या तेव्हासुद्धा आधी माझी खूण गोल केली. लोक हसतात. मीही हसते. गोलाच्या पुढचं तुम्ही वाचलंत, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते आज सकाळी, भांडी घासताना, पहिल्यांदा नीट दिसलं.

कारखान्यात ही रीत मीच आणली. दोन वर्षांपूर्वी ऑडिटला आलेल्या माणसानं एक पिवळी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली आणि त्याच्याबरोबरचे दोघं हसले. चिठ्ठी आमच्याच एका माणसाची होती. साहेबांचा चेहरा उतरला. माझा तर संताप झाला, कुणावर ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक आमच्याच माणसावर. मी साहेबांना सुचवलं की चुकीची चिठ्ठी आपण घ्यायचीच नाही. पहिली चूक दिसली की गोल करायचा आणि परत द्यायची, नवी लिहून आणेपर्यंत ती आली असं धरायचंच नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, यू आर ए जेम." मला आनंद झाला. सुरुवातीला मी खरंच शिकवायचेसुद्धा, जेवणाच्या सुट्टीत, तुमचा शेतकरी आणि त्याचा बैल घेऊन. बिहारकडची पोरं माझ्यापेक्षा लवकर शिकली. चिठ्ठ्या सुधारल्या. मग चिठ्ठ्या कमी झाल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये आलेख दाखवला की अपघात टळण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना मला कळत होतं की प्रसंग कमी झालेले नाहीत. लिहिणारे कमी झालेत. त्या दिवसापासून शॉपवरून जाताना मी जरा भरभर चालते.

आप्पांची पहिली चिठ्ठी महिन्यापूर्वी आली. ऑपरेटरचा हात आत असताना प्रेस दुसऱ्यांदा खाली आली, असं लिहायचं होतं. ऑपरेटरच्या पुढं खूण नव्हती. मी गोल केला, परत दिली. दुसरी चिठ्ठी चार दिवसांनी आली. त्यात खूण होती, पण एसच्या नंतर. मी हसून म्हटलं, "काय आप्पा, ऑपरेटर पुष्कळ आणि हात एकच?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. आप्पाही थोडं हसले. तोवर ते मला ताई म्हणायचे, आपल्या भागातली पोरगी म्हणून. चिठ्ठी घडी करून खिशात घालताना म्हणाले, "बरं, म्याडम." पुढं ताई कधी आलं नाही. तिसरी चिठ्ठी त्यांनी कुणाकडून तरी शिकून, चांगल्या अक्षरात लिहून आणली. ती आणली त्याच दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की ऑडिट आता येणाऱ्या या सोमवारचं ठरलंय, तोवर एकही ओपन पॉइंट, म्हणजे न मिटलेली तक्रार, नको, आणि प्रेस बंद ठेवणं तर शक्यच नाही, डिलिव्हरी आहे. मी ती चिठ्ठीही गोल करून आप्पांपुढं सरकवली. त्यांनी गोलाकडं बराच वेळ पाहिलं. मग चिठ्ठी टेबलावर तशीच ठेवून ते निघून गेले. ती माझ्याकडं राहिली. आज त्याला नऊ दिवस झाले.

काल दुपारी आप्पा माझ्या टेबलाशी आले. हातात त्यांचा चिमटा होता. आत हात घालायला नको म्हणून त्यांनी स्वतःच लोखंडी सळईचा लांब चिमटा करून घेतला होता, मला ते माहीतही नव्हतं. त्याची पुढची वीतभर लांबी चेपून पापडाएवढी पातळ झाली होती. त्यांनी तो माझ्या फाइलींवर ठेवला. मी विचारलं, "लागलं का कुठं?"

"न्हाई. आज चिमटा व्हता."

"मग चिठ्ठी लिहा आप्पा. आत्ता लिहा, मी बसते शेजारी."

"न्हाई म्याडम. माजं इंग्लिश चुकतं." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "बावीस वर्सात तिनं मला कवा दगा दिला न्हाई. आता म्हातारी झालीया, दुसरं काय." आणि ते परत गेले, त्याच प्रेसवर. शिफ्ट संपायला अजून तास होता. मी तो तासभर टेबलावर बसून प्रत्येक दणका ऐकत होते. प्रेस दूर आहे, एरवी तो आवाज मला ऐकूच येत नाही. एक दणका, मग थांबणं, मग एक दणका. मी मोजत नव्हते. दोन दणके लागोपाठ येतात का, एवढंच ऐकत होते.

तुमच्या वडिलांचा तो शब्द मला त्या तासात आठवला, बाई. तोवर गाडी उभी. तुमच्या घरात कागद परत जायचा तेव्हा गाडी थांबलेली असायची, माणसं सुरक्षित असायची, उशीर झाला तर झाला. तुम्ही माझा अर्ज परत दिला नाहीत, पण ओसरीवर बसून राहिलात आणि कार्यक्रम थांबवलात. आमच्याकडं मी कागद परत पाठवला आणि प्रेस चालूच राहिली. चूक दिसली की मी वाचायची थांबायचे, बाकी काहीच थांबत नव्हतं. ही तुमची रीत म्हणून मी मिरवली. तुम्ही असतात तर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं असतंत.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी आप्पांना फोन लावला. ते गावी होते, मागं मोटारीचा आवाज येत होता, पाणी चालू असावं. मी म्हटलं, "आप्पा, उद्या येऊ नका. दांडी मारा. दोन-तीन दिवस काहीतरी कारण सांगा, मी सांभाळून घेते."

"का वं, म्याडम?"

"त्या प्रेसवर उभं राहू नका."

आप्पांनी मोटार बंद केली. मग म्हणाले, "मी न्हाई आलो तर ती काय बंद ठिवणार हायत का? कुणाला तरी हुबं करत्याल. त्याला आवाज न्हाई वळखायचा तिचा. त्यापरीस मीच बरा." आणि माझीच समजूत काढायला लागले. "तुमी काळजी नका करू. नवा चिमटा केलाय. जरा लांब केलाय ह्या खेपंला."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वाटा शोधत बसले. मी स्वतः नवी चिठ्ठी लिहू शकते, आप्पांची सही घेऊ शकते. पण नव्या चिठ्ठीला सात दिवस असतात आणि साहेब ते सातही दिवस वापरतील, सोमवार निघून जाईपर्यंत. पहिल्या दोन चिठ्ठ्या आप्पांनी फाडून टाकल्या. राहिली तिसरी. ती नऊ दिवसांपूर्वीची आहे. ती आली असं धरलं, तर प्रेस कालच बंद व्हायला हवी होती, आणि मी आत्ता साहेबांना फोन केला तर उद्या सातला ती सुरू करायची कुणाची छाती नाही. ऑडिटच्या तोंडावर तर नाहीच. पण चूक असलेली चिठ्ठी आली असं धरायचं नाही, हा नियम मीच केलाय, आणि तिच्यावर माझा गोल आहे, माझी सही आहे, तारीख आहे. साहेब पहिलं तेच विचारतील की मॅडम, यात चूक काय होती? त्या प्रश्नाला मी काय उत्तर देते यावर आप्पांचे हात अवलंबून आहेत, आणि माझी नोकरीही. मुलाची शाळा, घराचे हप्ते, शिरूरसारख्या गावात एकदा नाव गेलं की परत मिळत नाही, हे सगळं माझं सकाळपासून हजारदा उगाळून झालं. एकाही वेळी ते आप्पांच्या हातांपेक्षा जड झालं नाही, तरी फोन उचलला गेला नाही. मी भित्री आहे, बाई. तुम्ही आमच्या ओसरीवर बसून राहिलात त्याचं मला इतकं कौतुक, आणि मला स्वतःला एक फोन होत नाही.

आता चार वाजून गेलेत. लग्नाला गेलेली मंडळी सहापर्यंत येतील, मग घरात गोंधळ होईल, आणि त्या गोंधळात आजचा दिवस संपून जाईल. मला हे आत्तापासून दिसतंय. चहा होईल, लग्नात कोण कोण भेटलं ते ऐकावं लागेल, उद्याचे डबे भरायची तयारी होईल. पाच पन्नासला गजर होईल आणि मी बसच्या थांब्यावर उभी असेन. आप्पा त्याच्या आधी कारेगावातून चालत निघालेले असतील, लांब केलेला चिमटा पिशवीत घालून.

पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी हे टाकलं नसतं, कारण सुरुवातीलाच मी तुम्हाला खोटं लिहिलंय. तिन्ही वेळा इंग्रजी चुकलं म्हणून परत केलं, असं मी वर म्हटलं. आधी वाटलं होतं, मेलेल्या माणसाला तरी एवढं खोटं चालेल. तिसरी चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे. ऑपरेटर एक आहे, खूण एसच्या आधी आहे, हात दोन लिहिलेत, आणि खाली आप्पांची वळणदार सही आहे. बाई, तिच्यात चूक नव्हती. त्या दिवशी मी ती शेवटपर्यंत वाचली होती, दोनदा वाचली होती, आणि मग बरोबर असलेल्या खुणेभोवती लाल गोल केला.